सायकलीचा पगार

यशोदे, मी गाव सोडलं त्या सकाळी म्हसवडच्या एस.टी. थांब्यावर सगळ्यांत जास्त रडलीस तू, आणि सगळ्यांत आधी हसलीसही तूच. जत्रा तोंडावर आली होती, आबांच्या शिवणयंत्राला उसंत नव्हती. धाकट्या भावाला सोडायला तू आलीस, आई आली, गल्लीतली चार माणसं आली, पण आबांचा पत्ता नव्हता. गाडीनं आवाज केला तेव्हा ते बाजारपेठेतून धावत येताना दिसले. गळ्यात टेप, कानावर खडू आणि हातात माझी नवी विजार. खिडकीतून ती आत सारत म्हणाले, "एक गुंडी ऱ्हायलीय. सुई-दोरा अडकवून दिलाय, वाटंत लावून घे. आन् खाली चार बोटं कापड दुमडून ठेवलंय. उंची वाढली तर सोडवून घे."

मी विशीचा घोडा. आई म्हणाली, "आता कुठली उंची वाढतीया त्याची?" आणि तू डोळे पुसता पुसता फिसकन हसलीस. गाडी निघाली. आईचं शेवटचं वाक्य धुरळ्यातनं ऐकू आलं, "पोचल्यावर आदी पानी पी, मंग कुनाशी बोल. कोरड्या घशानं मानूस भांडतो."

मी का निघालो ते तुला वेगळं सांगायला नको. शिंप्याच्या घरात जन्मून माझी एक शिवण कधी सरळ गेली नाही. आबांनी प्रयत्न सोडला नव्हता, पण गिऱ्हाइकांनी सोडला होता. आपल्या शेजारचा गणपत तेव्हा पिंपरीला गेला होता. तिथं औषधांचा मोठा सरकारी कारखाना उभा राहत होता आणि बांधकामाला माणसं लागत होती. मी पोचलो तोवर भिंती उभ्या राहिल्या होत्या आणि गवंड्याच्या हाताखालची भरती थांबली होती. मी आधी पाणी प्यालो, मग गणपतशी बोललो. खरंच भांडण झालं नाही.

त्यानं मला लछमनदास शेठच्या सायकलच्या दुकानात नेलं. शेठ फाळणीत सिंधमधून आलेले, पिंपरीच्या छावणीत राहणारे. हायवेच्या कडेला पत्र्याची शेड, दारात टांगलेले टायर आणि आत ग्रीसचा वास. त्यांनी विचारलं, "सायकल का काम आता है?" मी मान हलवली. कुठल्या बाजूनं हलवली ते माझं मलाच कळलं नाही. त्यांनी ती हो धरली.

सायकलीचं काम मी आठ-पंधरा दिवसांत शिकलो, पण सायकल चालवायला येत नव्हती हे कुणाला सांगायचं? आपल्या गावात सायकल होती ती पोस्टमनची, आणि तोही तिला म्हशीसारखा हातानं धरून न्यायचा. मी राहायला होतो नदीपलीकडे रहाटणीत, सोपानतात्यांच्या घराच्या पडवीत. तात्या आणि त्यांची बायको आक्का, जुनी शेतकरी माणसं. चहूबाजूंनी ज्वारी, ऊस, भाजीपाला. आज तिथं इमारतींच्या मधून आभाळ शोधावं लागतं, पण तेव्हा पडवीत बसलं की थेट पवनेपर्यंत नजर जायची. दुकानातली एक मोडकी सायकल दुरुस्तीच्या नावाखाली आणून मी तात्यांच्या बांधावर शिकायला लागलो. पहिल्याच उतारावर ब्रेक सापडेना. मी सायकलीसकट वांग्याच्या वाफ्यात. तात्या शांतपणे चालत आले, मला उठवलं, झाडं उभी केली आणि म्हणाले, "पावनं, वांगी तोडायची व्हती तर सांगायचं. सायकलीनं कशापायी तोडायची?"

त्या दिवशी आक्कानं भरली वांगी केली. आयुष्यात इतकी चव कशाला आली नाही.

एकदा तोल सापडला आणि मी वेडाच झालो, यशोदे. पायांखालची जमीन अशी मागं पळते, याचा शोध मला इतक्या उशिरा का लागला, याचंच वाईट वाटायचं. नदीला पाणी कमी असलं की सायकल खांद्यावर घ्यायची, पाण्यातून पलीकडे जायचं आणि तिथून दुकानापर्यंत सुसाट. पाणी वाढलं की लांबून वळसा. मला वळसाच आवडायचा.

शेठ भोसरी, मोशी, चाकणच्या छोट्या दुकानदारांना सुटे भाग पुरवायचे. तो माल पोचवायचं काम मी मागून घेतलं. मागं कॅरियरला टायरांची चळत, पुढं हँडलला ट्यूबांच्या पिशव्या. भोसरी तेव्हा नुसतं गाव, मोशीजवळ इंद्रायणीचा पूल, आणि चाकण म्हणजे कांद्याचा बाजार. आज त्याच रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या एकामागे एक खोळंबलेल्या असतात. तेव्हा अख्ख्या रस्त्यावर मी, दोन बैलगाड्या आणि वारा.

मी इतक्या लवकर परत यायचो की शेठला संशय आला. "दत्तू, तू चाकण गयाच नाही. माल कुठं टाकला?" मी शपथा घेतल्या. पुढच्या खेपेला ते काही न बोलता कांदे आणायला निघालेल्या एका रिकाम्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मला ठाऊक नाही. मोशीच्या चढावर तो ट्रक धापा टाकत होता, मी त्याच्या बाजूनं टायरांची चळत घेऊन पुढं गेलो. वरून ओळखीचा आवाज आला, "अरे दत्तू! आहिस्ता! माल गिरेगा!" मी बघतो तर खिडकीतून शेठ कमरेपर्यंत बाहेर. चाकणला मी त्यांच्या आधी पोचलो आणि चहा सांगून ठेवला.

चहा पिताना ते माझ्या पायांकडंच बघत होते. म्हणाले, "पुण्यात सायकलींच्या शर्यती होतात. तू उतर."

पहिल्या शर्यतीचं काय सांगू? शेठनी माझ्या बनियनच्या पाठीवर ऑइल पेंटनं दुकानाचं नाव लिहून घेतलं होतं. रंग वाळून पत्र्यासारखा झाला. वाकलो की तो पाठीला कापायचा. मी जवळजवळ शेवटचा आलो आणि बनियन काढताना पाठीची सालं निघाली. पण बाकीच्या गड्यांच्या घोळक्यात, चाकाला चाक लावून, सगळ्यांच्या साखळ्यांचा एकच आवाज ऐकत दापोडीच्या पुलावरून गेलो होतो ना, ते मनातून जाईना. हरलेला माणूस इतका हसतो का, म्हणून गणपत माझ्याकडे बघत राहिला.

तिसऱ्या-चौथ्या शर्यतीत मी पुढच्या घोळक्यात आलो. मग शेठनी मला बसवून घेतलं. "आजपासून दुकानात आधा दिन काम. बाकी आधा दिन सायकल चालव. पगार पूरा." मला वाटलं थट्टा करतायत. नुसतं सायकल चालवायचे पैसे कोण देतं? ते म्हणाले, "तू पळतोस तेव्हा रस्ताभर लोक माझं नाव वाचतात. मी त्याचे पैसे देतो." असा मी धंदेवाईक सायकलपटू झालो. हा शब्द मला पुढं कितीतरी वर्षांनी कळला.

रोज सकाळी देहूरोड, तळेगाव, कामशेतपर्यंत जायचं आणि परत. देहूरोडच्या छावणीतले शिपाई हात करायचे. एका कोपऱ्यावरचा उसाचा चरकवाला मी दिसलो की गाळायला सुरुवात करायचा. आक्का बाजरीच्या भाकरी थापता थापता दमायची. "आरं, मानूस हाय का घोडं? हरभरं भिजत घालू का उद्यापासनं?" आणि खरंच घालायची.

हे सगळं गावाकडं कसं पोचलं ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. गणपत सुट्टीला आला आणि सांगून गेला, "दत्तू आता सायकल चालवायचा पगार घेतो." आबांच्या डोळ्यांपुढं काय आलं? आपल्या बाजारात तो एक माणूस यायचा, रिंगण धरून दिवसभर सायकलीवरच बसणारा, सायकलीवरच दाढी-आंघोळ करणारा, लोक पैसे टाकायचे तो. आपला पोरगा उघडा बसून सायकलीवर आंघोळ करतोय आणि पिंपरीची माणसं पैसे टाकतायत! तू नंतर सांगितलंस, आबा दोन दिवस जेवले नाहीत. मग यंत्राला कुलूप घातलं, आईला बरोबर घेतलं, आणि मला परत न्यायला निघाले.

ते रहाटणीला आले शनिवारी. रविवारी मोठी शर्यत होती. पुण्याहून निघून लोणावळ्याला वळायचं आणि परत येऊन चिंचवडला संपवायची. आबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "कापडं बांध. तुला शिवण येत न्हाई, चालंल. काजं-गुंड्या करत बस. पर हे न्हाई."

मी म्हणालो, "आबा, उद्या एकदा बघा. मग तुम्ही म्हणाल ते."

"काय बघायचं त्यात?"

तात्याच मधे पडले. "शिंपीदादा, आल्यासारखं उद्याचा दिस ऱ्हावा. पोरगं वंगाळ काय करत आसंल तर मीच त्येला तुमच्या गाडीत बसवून देतो. माजी वांगी तेवडी भरून घेतो त्याच्याकडनं." आबा हसले नाहीत, पण थांबले.

माझ्या मनात काय चाललं होतं ते तुला सांगतो. आबांचा शब्द मी मोडला नसता. म्हणजे ती माझी शेवटची शर्यत असू शकत होती. त्यामुळं मी ठरवलं, जिंकायचं-हरायचं राहू दे, आज पोटभर चालवून घ्यायची.

थंडीचे दिवस. मुंबईहून चांगले चांगले गडी आले होते. त्यांत होमी म्हणून एक पारशी होता. उंच, गोरा, विलायती सायकल, अंगात लोकरीचा निळा घट्ट सदरा. त्यानं माझ्या पाठीवरचा ऑइल पेंट बघितला आणि विचारलं, "अरे, तू माणूस छे का दुकानचा पाटी?" मी म्हणालो, "दोन्ही."

लोणावळ्यापर्यंत सगळे एकत्र होते. वळल्यावर समोरून वारा लागला आणि घोळका फुटायला लागला. कामशेतच्या चढावर मी जोर केला. मागं वळून बघितलं तर एकटा होमी चिकटून होता. मग आम्ही आळीपाळीनं पुढं होत निघालो, एकानं वारा खायचा, दुसऱ्यानं त्याच्या आडोशानं दम घ्यायचा. न बोलता ठरलं. असा भागीदार मला पुन्हा मिळाला नाही.

देहूरोडच्या अलीकडं वळणावर म्हशी. रस्ताभरून, निवांत. होमीनं एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं, आणि तिसरीच्या अंगावर अलगद जाऊन टेकला. मी पाय घासत थांबलो. म्हैस हलली नाही. होमीनं तिच्या पाठीवर हात ठेवून तिलाच "सॉरी" म्हटलं. मला इतकं हसू आलं की हँडल धरवेना. मागून बाकीचे दिसायला लागले. मी पुढं निघू शकलो असतो, पण त्याची साखळी उतरली होती आणि माझं सगळं आयुष्यच साखळ्या चढवण्यात चाललं होतं. हाताला सवयच ती. चढवली आणि ओरडलो, "चल!"

निगडी, आकुर्डी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं. औषधाच्या कारखान्यातले कामगार, छावणीतले सिंधी, मळ्यांतले शेतकरी. कुठूनतरी तात्यांचा आवाज आला, "आरं हाण दत्तू, हाण!" चिंचवडला शर्यत संपायची कमान दिसली आणि आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. मान खाली. मला फक्त त्याचं चाक आणि माझं चाक दिसत होतं. तो जिंकला. वीतभर पुढं होता.

मला लोकांनी उचललं. शेठ हरलो की जिंकलो ते विसरून नाचत होते. मी गर्दीतून आबांना शोधत होतो. ते माझ्याकडं येत होते, गळ्यात टेप घेऊन, माणसांना कोपरानं बाजूला सारत. मी खाली उतरलो, पाया पडायला वाकलो, आणि ते माझ्या शेजारून पुढं गेले. थेट होमीपाशी. तो रस्त्याकडेला बसून धापा टाकत होता. आबांनी त्याला दंडाला धरून उठवलं. "जरा फिरा बगू."

होमी बिचारा फिरला. त्याच्या सदऱ्याला पाठीमागं, कमरेच्या वर, तीन खिसे होते. एकात केळं. आबांनी शिवण चिमटीत धरून ताणून बघितली, आतून बोट घातलं, केळं काढून होमीच्याच हातात दिलं आणि परत खिसा बघितला. "पाठीला खिसा," ते स्वतःशीच म्हणाले. "वाकला तरी सांडत न्हाई. कुनी शिवला ह्यो?"

"विलायतेचा छे, बावाजी."

"काखंत चुकलाय," आबा म्हणाले. "वडतोय तुमाला."

होमीनं हात वर करून बघितला आणि मोठ्यानं हसला. "साला, सालभर ओढतोय!"

मग आबा माझ्याकडं वळले. मला फिरवलं. बनियनवरचा तो रंग बघितला, त्याखालची सोललेली पाठ बघितली. त्यांचा चेहरा बदलला. शेठना म्हणाले, "शिंप्याच्या पोराच्या पाठीवर रंग फासता? एक दिस थांबा. ह्येला एक धड कापड शिवून देतो आन् मग न्हेतो."

त्या एका दिवसाचे पाच-सहा दिवस झाले. शेठनी छावणीतल्या कुणाचं तरी शिवणयंत्र मिळवून दिलं. लोकर मिळेना तर आबांनी विणलेलं सुती कापड आणलं, पाठीला तीन खिसे लावले, दुकानाचं नाव रंगानं नाही, कापडाची अक्षरं कापून शिवलं. मी तो सदरा घालून रहाटणीच्या रस्त्यावर एक चक्कर मारली आणि परत आलो तर पडवीत होमीनं पाठवलेला माणूस बसलेला, सहा सदऱ्यांची ऑर्डर घेऊन. आबा म्हणाले, "एवढे सहा शिवून जातो." आईनं तोवर आक्काच्या मागच्या अंगणात कोथिंबीर टाकली होती. कोथिंबीर टाकलेली बाई कुठं जात नसते, हे मी तेव्हाच ओळखलं.

शर्यतीबद्दल आबा एकदाच बोलले. यंत्रावर बसले होते, पाय चालवत, खाली मान घालून. "तुजं पाय बगितलं," म्हणाले. "येका लयीत व्हते. आमच्यासारकेच." एवढंच. मला त्या वर्षी दुसरं कुठलं बक्षीस मिळालं ते आठवत नाही.

तुझं लग्न म्हसवडमध्येच झालेलं. माहेर दोन गल्ल्यांवर. कधीही उठून जाता यायचं. आई-आबा रहाटणीलाच राहिले हे कळल्यावर तू निरोप पाठवलास, "माझं माहेरच सायकलीवर घालून नेलंस की रे." गणपतनं तो हसत सांगितला. आई हसली नाही. ती कोथिंबिरीला पाणी घालायला गेली आणि बराच वेळ आली नाही. आमच्या आनंदाच्या दिवसांत तेवढा एक काटा होता, तो मी लपवत नाही.

पुढची वर्षं भरभर गेली. सातारा, नाशिक, मुंबई. होमीला मी नंतर दोनदा हरवलं, त्यानं मला किती वेळा ते तो सांगेल. आबांचे सदरे घालून निम्मे गडी पळायचे. मागून कुणाचीही पाठ दिसली की मला घर दिसायचं. गुडघा बोलायला लागला तेव्हा मी शर्यती सोडल्या आणि शेठच्या दुकानात भागीदार झालो. हे सगळं तुला माहीत आहे. एक गोष्ट मात्र तुला मी कधी सांगितली नाही, तीच सांगायला हे लिहायला बसलो.

कलकत्त्याला एक मोठी शर्यत होती. इतक्या लांब मी पहिल्यांदाच गेलो होतो. सुरुवातीला भोंग्यावरून प्रत्येक गड्याचं नाव आणि गाव पुकारत होते. माझ्यापाशी येऊन पुकारणाऱ्या बाबूनं विचारलं, "गाँव?" आणि मी म्हणालो, "रहाटणी."

भोंग्यावर ते कसंतरीच उच्चारलं गेलं. माझ्याच कानांवर आलं तेव्हा मी दचकलो. म्हसवड तोंडात आलंच नव्हतं. ती शर्यत मी कशी चालवली, मला आठवत नाही. सगळ्या वाटेत आपलं घर, आपली गल्ली, ती जत्रेची गर्दी यांना मी समजावत होतो की तसं नाही, घाईत निघून गेलं.

परत आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना सांगितलं. मला वाटलं, त्यांना लागेल. त्यांनी यंत्र थांबवलं, दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, "परवा कापडाच्या पेठेत मला बी इचारलं, गाव कंचं. मी बी तेच बोललो."

आई कोथिंबीर निवडत बसली होती. ती म्हणाली, "मंग म्हसवड काय झालं?"

आबांनी दोरा पुन्हा सुईत ओवला. "म्हसवड यशोदीचं गाव. आपन आता पावनं म्हून जायाचं."

त्या वर्षी जत्रेला आम्ही तिघं आलो, आठवतं? आपल्या जुन्या घराला कुलूप होतं. आबांनी किल्ली खिशातच ठेवली आणि सरळ तुझ्या दाराशी आले. तू आतून धावत आलीस, उंबऱ्यावर थबकलीस, म्हणालीस, "थांबा, आत येऊ नका." परत गेलीस आणि भाकरीचा तुकडा आणि पाणी घेऊन आलीस. आईवरून तुकडा ओवाळून टाकलास, तिच्या पायांवर पाणी घातलंस. जन्मभर त्या गावात राहिलेली आपली आई, माहेराला आलेल्या लेकीसारखी तुझ्या दारात उभी होती, आणि तू तिला म्हणालीस, "ये, दमली आसशील."